हैदराबादेतील मराठी स्थलांतरित : दरबाराची भाषा आणि भूमीची भाषा

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर या गावाचे जुने नाव वाढोणा. हैदराबाद शहरातही नारायणगुड्याला लागून हिमायतनगर नावाची वस्ती असून, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले पुत्र हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह यांच्या नावावरून ती ओळखली जाते. शहराजवळचा हिमायतसागर जलाशयही त्यांच्याच नावाचा. राजधानीत एक हिमायतनगर आणि मराठी मुलखाच्या पूर्व टोकाला दुसरे, ही योजना योगायोगाची असो वा नसो, या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या वाटेवरून मराठी माणसांच्या अनेक पिढ्या गेल्या, ही वस्तुस्थिती आहे.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात हैदराबाद हे प्रामुख्याने मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात येते. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ या परंपरेतील सर्वांत भारदस्त होय. 1938 ते 1948 या दशकाचे महत्त्व लक्षात घेता हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या शहरात माणसे नोकरीसाठी, वकिलीसाठी व शिक्षणासाठी जाऊन राहिली, ते शहर या लेखनात मागे पडले. त्या माणसांनी तेथे कशाशी जुळवून घेतले आणि कशाशी जुळवून घेण्याची त्यांना गरज वाटली नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. लेखणीवर जगणाऱ्या मराठी वर्गाने दरबाराची भाषा आत्मसात केली. ज्या भूमीवर हे शहर उभे आहे, त्या भूमीच्या भाषेकडे मात्र त्याने बराच काळ पाठ फिरवली. याची किंमत 1956 नंतर दिसू लागली असली, तरी तिचा पहिला हप्ता 1921 मध्येच भरला गेला होता.

दफ्तराबरोबर आलेली माणसे

मराठी माणसाला हे शहर ‘भागानगर’ म्हणून फार पूर्वीपासून परिचित होते. मुहंमद कुली कुतुबशहाने 1591 मध्ये वसविलेल्या या नगरात 1677 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर जाताना येऊन गेले. तथापि, मराठी वस्तीच्या दृष्टीने निर्णायक घटना पुढची आहे. दुसरे निजाम निजाम अली खान यांच्या काळात, 1763 च्या सुमारास, आसफजाही राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेत हलली. राजधानी हलते तेव्हा केवळ तख्त हलत नाही. जमाबंदीची कागदपत्रे, ती लिहिणारे कारकून, त्यांची कुटुंबे, उपाध्ये आणि आश्रितही हलतात. राज्याच्या महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. त्यांपैकी ‘दफ्तर-ए-दिवानी’, म्हणजे मुख्यतः मराठी मुलखाचे दफ्तर, रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होते. ‘दफ्तर-ए-माल’ माथुर कायस्थांच्या मालवाला घराण्याकडे होते. पहिले सालारजंग यांनी 1853 नंतर कारभाराची फेरमांडणी केली, तेव्हा या वंशपरंपरागत दफ्तरदारांचा अधिकार ओसरला. पण तोपर्यंत शहरात मराठी घरांच्या चार-पाच पिढ्या नांदून झाल्या होत्या.

या माणसांना शहर परके वाटले असेल, असे समजण्याचे कारण नाही. हैदराबादेत बोलली जाणारी दख्खनी मुळात देवगिरी-दौलताबादच्या परिसरात घडत गेली होती. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी तेथे आणल्यानंतर उत्तरेकडून आलेल्या बोलींचा मराठीशी जो सहवास घडला, त्याच्या खुणा दख्खनीत अद्याप आहेत. हैदराबादी माणूस नकार देताना ‘नक्को’ म्हणतो, तो मराठी ‘नको’च, आणि ‘मैंच’, ‘वोहीच’ यांतील ‘च’ मराठीतूनच तेथे गेला आहे. म्हणजे मराठवाड्यातून हैदराबादेत गेलेला मनुष्य ज्या बोलीशी जुळवून घेत होता, त्या बोलीने त्याच्या भाषेशी कैक पिढ्या आधीच जुळवून घेतले होते.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली. न्यायालय, कचेरी आणि पुढे विद्यापीठ यांची भाषा उर्दू झाली. वकिली करू इच्छिणाऱ्या मराठी तरुणाला कायदा उर्दूत शिकावा व मांडावा लागे. न्या. केशवराव कोरटकर हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळचे हे गृहस्थ गुलबर्ग्यास वकिली करून 1890 च्या दशकात हैदराबादेत आले, तेथील उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 1932 मध्ये निधन पावेपर्यंत शहराच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी राहिले. कचेरीत शेरवानी आणि उर्दू, घरी धोतर आणि मराठी, अशी ही दुहेरी राहणी होती. तिला ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. व्यवसायाची शिस्त म्हणून स्वीकारलेली उर्दू पुढे अनेकांच्या आवडीची भाषा झाली, आणि शेरोशायरीची रसिकता मराठवाड्यातील जुन्या वकील-शिक्षकांच्या पिढीत शेवटपर्यंत टिकून होती.

पाठशाळा, रेल्वे आणि वस्त्या

1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि नांदेड, परभणी, औरंगाबाद ही ठिकाणे राजधानीशी थेट जोडली गेली. पुढे 1916 मध्ये काचीगुडा स्थानकाची इमारत उभी राहिली. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार या भागांत मराठी बिऱ्हाडे दाटली. यांपैकी सुलतान बाजाराचा परिसर 1933 पर्यंत ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता. निजामी हद्दीत सभा-संस्थांवर जी बंधने असत, ती येथे तुलनेने सैल होती. मराठी संस्था याच परिसराच्या आसपास का उगवल्या, याचे एक कारण या तपशिलात आहे.

20व्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी पाठशाळा सुरू झाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्याबरोबरच त्या काळी हैदराबादेत चित्रकार म्हणून स्थिरावलेले पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचाही या कार्यात वाटा होता. पुढे सरकारी रोषामुळे सातवळेकरांना शहर सोडावे लागले. पाठशाळा मात्र राहिली. पाठोपाठ ‘निजाम विजय’ हे लक्ष्मणराव फाटक यांचे साप्ताहिक आणि मराठी ग्रंथसंग्रहालय आले. 1931 चे मराठी साहित्य संमेलन डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत भरले. उर्दूत कमावणाऱ्या समाजाने मराठीसाठी एवढी धडपड करावी, यात विसंगती नाही. घराबाहेरचा सगळा व्यवहार दुसऱ्या भाषेत गेल्यावर मुलांची भाषा घराच्या उंबरठ्याआत कोंडली जाईल ही धास्ती खरी होती, आणि तिच्यातूनच या संस्था जन्मल्या.

उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे म्हणून. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावे लागते. मात्र ती भाषा राज्यातील बहुसंख्यांची नव्हती, हेही तितकेच खरे. 1951 च्या जनगणनेनुसार हैदराबाद राज्यात तेलुगू भाषक निम्म्याच्या जवळपास, मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश, तर उर्दू आणि कानडी भाषक प्रत्येकी दहा-बारा टक्के होते. उस्मानियात मराठी हा विषय होता आणि तो शिकविणाऱ्यांत डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्यासारखे व्यासंगी प्राध्यापक होते. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर (1932–1982) शिक्षणासाठी मामांकडे हैदराबादेत आले आणि सिटी कॉलेजात शिकले. इस्लाम, उर्दू आणि निजामी राजवट यांविषयी कुरुंदकर ज्या आत्मविश्वासाने लिहीत, त्याची पाळेमुळे या शहरात आहेत. पुण्या-मुंबईच्या समकालीन मराठी विचारवंतांजवळ हा अनुभव नव्हता.

12 नोव्हेंबर 1921

या साऱ्या चित्रात तेलुगू कोठे होती? विवेकवर्धिनीच्या सभागृहात नोव्हेंबर 1921 मध्ये निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे होते. राज्यातील सुधारणावादी मंडळी एकत्र आली होती. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे शांतपणे ऐकून घेण्यात आली. 12 तारखेला आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलण्यास उभे राहिले, तेव्हा सभागृहातून टाळ्या, आरडाओरड आणि टिंगल सुरू झाली. त्यांना भाषण आवरते घ्यावे लागले. अवहेलना करणारे श्रोते प्रामुख्याने मराठी भाषक होते.

त्याच रात्री मोजक्या तेलुगू मंडळींनी एकत्र येऊन ‘आंध्र जनसंघम्’ स्थापन केला. पुढे 1930 मध्ये जोगीपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन झाले आणि त्यातूनच तेलंगणाच्या राजकारणाची वाट आखली गेली. माडपाटी हनुमंतराव यांनी तेलुगूत लिहिलेल्या आंध्र चळवळीच्या इतिहासात ही सभा आरंभबिंदू ठरली आहे. तेलुगू वाचकाला ती शालेय वयापासून ठाऊक असते. मराठी ग्रंथांत मात्र तिचा उल्लेख शोधावा लागतो. विवेकवर्धिनीची थोरवी सांगताना हा प्रसंग गाळणे हे इतिहासाच्या दृष्टीने सोयीचे आहे, प्रामाणिक नाही.

टिंगल करणारे श्रोते दुष्ट नव्हते. मराठी भाषेची उपेक्षा होते, अशी तक्रार करणारेच ते लोक होते. परंतु दरबाराशी दोन शतके जुळवून घेतलेल्या वर्गाच्या मनात भाषांची एक उतरंड तयार झाली होती. उर्दू सत्तेची, इंग्रजी विद्येची, मराठी घरची व अभिमानाची. आणि तेलुगू भाजीवाल्याशी व गड्याशी बोलण्याची. ज्या भाषेत केवळ हुकूम सोडले जातात, तिच्यातून कोणी व्यासपीठावर विचार मांडू लागला की ऐकणाऱ्याला हसू येते. मराठवाड्याची स्वतःची महाराष्ट्र परिषद त्यानंतर 16 वर्षांनी, 1937 मध्ये परतूर येथे प्रथम भरली. भाषेच्या आधारावर संघटित होण्याचा धडा तेलुगू समाजाने मराठी सभागृहातून आधी घेतला होता.

जे आधीच शिकले होते

वरील विधान सरसकट करता येणार नाही. तेलंगणात मराठा मूळ असलेल्यांना ‘आरे’ म्हणतात. आरे-कटिका हे मांसविक्रीचा व्यवसाय करणारे, तसेच भावसार हे रंगारी-शिंपी, असे समाज कित्येक पिढ्या तेलंगणात आहेत. घरात जुन्या वळणाची मराठी आणि बाजारात अस्खलित तेलुगू, हा त्यांचा नित्यक्रम. ज्यांचे पोट कचेरीवर नव्हे, गिऱ्हाइकावर अवलंबून होते, त्यांनी गिऱ्हाइकाची भाषा केव्हाच शिकून घेतली. त्यांच्यासाठी कोणी पाठशाळा काढली नाही आणि साहित्य संमेलनात त्यांची मराठी कोणी ऐकली नाही. हिमायतनगर, किनवट, धर्माबाद, बिलोली, देगलूर या सीमावर्ती पट्ट्यातही तेलुगू कधी परकी नव्हती. तेथील असंख्य घरांतून ती चुलीपाशी बोलली जाते.

लेखणीच्या वर्गातही सन्माननीय अपवाद होते. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (1910–1994) हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. फारसी व उर्दूवर प्रभुत्व मिळवून ते थांबले नाहीत. तेलुगू आणि कानडी तर त्यांना येतच होती; आदिलाबादेत काम करताना त्यांनी गोंडी व कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. गोंडी ही कोणत्याही दरबाराची भाषा नव्हती, हे येथे ध्यानी घ्यावे. उलट दिशेचे उदाहरण पी. व्ही. नरसिंहराव यांचे. ‘वंदे मातरम्’ चळवळीमुळे 1938 मध्ये उस्मानियातून बाहेर पडून नागपूर विद्यापीठाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. त्यांनी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. तेलुगू माणसाने मराठीसाठी केलेल्या या श्रमाला तोलामोलाचे उत्तर हैदराबादच्या मराठी वर्तुळातून त्या प्रमाणात आले नाही.

1 नोव्हेंबर 1956 नंतर

राज्य पुनर्रचनेने हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. नांदेडहून राजधानीत येऊन राहिलेला मनुष्य आदल्या दिवशी स्वतःच्या राज्यात होता. दुसऱ्या दिवशी तो जागचा न हलता परराज्यातील भाषिक अल्पसंख्य झाला. पगडींसारखे अनेक अधिकारी मुंबई राज्याच्या सेवेत आले. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये औरंगाबादेत स्थापन झाले आणि विद्यार्थ्यांचा ओघ तिकडे वळला. मराठवाड्यातील अपिले हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागली. औरंगाबाद खंडपीठ होण्यास 1981 उजाडावे लागले. हिमायतनगरच्या पक्षकाराला पूर्वीची राजधानी नव्या राजधानीपेक्षा कितीतरी जवळ होती, पण त्या जवळिकीला आता कायद्याच्या दृष्टीने अर्थ उरला नव्हता.

जे हैदराबादेतच राहिले, त्यांचे दरबाराशी साधलेले कौशल्य एका पिढीत निरुपयोगी ठरले. 1966 च्या कायद्याने तेलुगू ही आंध्र प्रदेशाची राजभाषा झाली. उर्दूत निष्णात असलेल्या वडिलांची मुले इंग्रजी माध्यमाकडे गेली आणि मराठी शाळांचे वर्ग ओस पडत चालले. मराठी ग्रंथसंग्रहालय व साहित्य परिषद यांनी चिकाटीने काम चालू ठेवले, तरी त्यांना लागणारा नवा वाचक मराठवाड्यातून पूर्वीसारखा येईनासा झाला. तेलंगण राज्य 2014 मध्ये अस्तित्वात आले आणि 2018 च्या कायद्याने शाळांत पहिली ते दहावीपर्यंत तेलुगू अनिवार्य झाली. सुलतान बाजार आणि काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरांतील नातवंडे आता तेलुगू लिहितात-वाचतात. त्यांच्यापैकी अनेकांना मराठी बोलता येते, परंतु वाचता येत नाही.