मिरें व मिरची : एका नांवाची साक्ष

मिरची आपल्या देशांत अनादि काळापासून आहे असा समज सार्वत्रिक आहे. ऐतिहासिक कथा लिहिणारे यादवांच्या पंक्तींतही मिरचीचा ठेचा वाढतात, आणि वाचकांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. हा समज निराधार कसा, व जुन्या कागदांच्या परीक्षेशीं त्याचा संबंध काय, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम ग्रंथांची साक्ष घेऊं. वैद्यकांतील त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरीं व पिंपळी. तिखटपणाचीं आपलीं प्राचीन साधनें हींच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत पाकक्रियेचें विस्तृत वर्णन आहे. त्यांत मिरीं आहेत, मिरची नाहीं. गार्सिया द ओर्ता ह्याचा औषधिद्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ त गोव्यांत छापला गेला. त्यांत मिऱ्यांची सविस्तर चर्चा आहे, मिरचीस मात्र स्वतंत्र प्रकरण नाहीं. त्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत बादशाही पाकशाळेंतील पदार्थांचीं प्रमाणें दिलीं, तेथेंही मिरींच आहेत.

केवळ मौनावरून निर्णय करूं नये हें आम्हांस मान्य आहे. परंतु येथें वनस्पतिशास्त्राची साक्षही तीच पडते. मिरचीचें मूळ स्थान अमेरिका खंड असून, कोलंबसाच्या १४९२–९३ च्या सफरीपूर्वीं ती इकडील जगास ठाऊक नव्हती. १५०० त काब्रालचें आरमार ब्राझीलच्या किनाऱ्यास लागून पुढें कालिकतास आलें, व १५१० त गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. ह्या जलमार्गानें पोर्तुगीजांकरवीं मिरची हिंदुस्थानांत आली.

तिसरी साक्ष नांवांची. नवीन वस्तूस लोकांनीं जुन्या वस्तूचें नांव दिलें. मराठींत मिऱ्यांवरून मिरची. कानडींत मेणसु म्हणजे मिरें, त्यावरून मेणसिनकायि. तमिळांत मिळगु, त्यावरून मिळगाय. मिरची मूळची असती, तर तिला उसन्या नांवाची गरज कां पडती? युरोपांतही असेंच घडलें. आपल्या पिप्पली शब्दापासून ग्रीक ‘पेपेरि’ झाला, तो मिऱ्यांस लागला, आणि इंग्रजींत तोच पुढें मिरचीसही चिकटला.

ह्या परकी रोपानें इतकें घर कसें केलें, ह्याचें उत्तर लागवडींत आहे. मिऱ्यांच्या वेलास दमट हवा, सावली व आधाराचें झाड लागतें. फळ धरण्यास तीन-चार वर्षें जातात. म्हणून मलबार, कानडा व कोंकण ह्यांबाहेर तो फारसा पसरला नाहीं, व मिरीं विकत घ्यावीं लागत. मिरची बियांपासून होते, देशावरील उघड्या शेतांतही वाढते, आणि त्याच हंगामांत फळ देते. जी चव बाजारांतून आणावी लागे ती कुणब्याच्या परसांत पिकूं लागली. पिंपळी स्वयंपाकघर सोडून वैद्याच्या बटव्यांत उरली.

आतां कागदांच्या परीक्षेविषयीं. शके १४२० पूर्वींचा म्हणून पुढें आलेल्या लेखांत ह्या फळाचा उल्लेख आढळला, तर तो लेख अथवा निदान तेवढा मजकूर मागाहूनचा समजावा. मात्र ‘मिरच’ एवढ्या शब्दावरून असा निकाल देऊं नये, कारण उत्तरेकडे तो मूळचा मिऱ्यांचाच वाचक होय. रंगही पुरेसा नाहीं. मिरीं प्रथम हिरवीं असतात, पिकल्यावर तांबडीं होतात. लांबट पोकळ फळ, आंतील चपटें बीं, दरसालची लावणी, असें लक्षण स्पष्ट असेल तरच तो पुरावा.

मिरची परकी ठरली म्हणून आपल्या अन्नास उणेपणा येत नाहीं. ज्या शेतकऱ्यांनीं ती आपलीशी केली त्यांचें कर्तृत्व राजांच्या शिलालेखांत सांपडत नाहीं. तें ह्या एका नांवांत टिकून राहिलें आहे.