पायपोस ते बूट : खानदेशी माणसाच्या जोड्याचा हिशेब

राजांच्या मोहिमांचा इतिहास आपल्याकडे तपशिलात लिहिला गेला. त्या मोहिमांत चालणाऱ्या माणसाच्या पायात काय होते, ते त्याने कितीला घेतले आणि किती दिवस पुरवले, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. खानदेशात हा प्रश्न किरकोळ नाही. तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिखलाचे गोळे बांधते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि बांधाबांधावर बाभळीचे काटे पसरलेले असतात. अशा मुलखात टिकाऊ, न चावणारा आणि खिशाला परवडणारा जोडा मिळणे ही रोजच्या कमाईशी जोडलेली गोष्ट आहे.

जोड्याचा हा इतिहास भाषेतही सापडतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांची आधीची राजधानी आजच्या धुळे जिल्ह्यातले थाळनेर आणि नंतरची बुऱ्हाणपूर. दख्खनभर अशा दरबारांची भाषा फारसी होती आणि तिचे शब्द गावोगाव पोहोचले. पाय झाकणारा तो ‘पापोश’. त्याचा मराठीत ‘पायपोस’ झाला आणि ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ या म्हणीत तो कायमचा बसला. ‘पैजार’ही तिकडचीच. फारसीत ‘मोजा’ म्हणजे बूट. मराठीत येऊन तो बुटाच्या आत गेला आणि पायमोजा झाला. अस्सल मराठी म्हणून आपण जे बोलतो त्यात किती वाटा मिसळल्या आहेत, हे एवढ्या उदाहरणांवरूनही कळते.

पण शब्द दरबारातून आला तरी जोडा गावातच बनत होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली, तिच्यात चांभार होता आणि मुलाणीही होता. मुलाणी जनावर हलाल करी. कातडे कमावणारा ते बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवी. चांभार त्याच्या वहाणा शिवी, मोटेचे चामडे सांधी, आसूड आणि वाद्या करून देई. एका जोड्यामागे तीन-चार जातींचे आणि दोन धर्मांचे हात असत. गावात ते एका पंगतीला बसत नव्हते, पण एकमेकांवाचून त्यांचे चालतही नव्हते.

या जोड्याला डावा-उजवा असा भेद बहुधा नसे. नवा असताना तो चावे. तेल पाजून, चालून चालून तो त्या एका माणसाच्या पायाचा होई. सुखाचा जोडा विकत मिळत नसे, तो वापरून घडवावा लागे. चांभाराला मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात मिळे आणि त्याच मोबदल्यात वर्षभराची डागडुजी येई. म्हणजे जोड्याची सगळी किंमत एकदम मोजावी लागत नव्हती आणि दुरुस्ती किमतीतच धरलेली होती. गरीब कुणब्याला ही व्यवस्था परवडत होती ती यामुळे.

मात्र तिचे गोडवे गाता येणार नाहीत. ज्याने वहाण शिवली त्याच्याच हाताचा विटाळ मानला जाई. कित्येक गावांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला वरच्या जातीच्या दारावरून वहाणा घालून जाण्याची मुभा नव्हती. त्या त्याला हातात घ्याव्या लागत. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण माणसांनाच उद्देशून वापरली गेली. स्वस्त जोड्याच्या त्या व्यवस्थेची किंमत कारागीर आपल्या इज्जतीने भरत होता.

इज्जतीचा हा प्रश्न इंग्रजी अमलातही आला. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या सरकारने बंगालमध्ये विलायती बूट घालणाऱ्या हिंदी लोकांना सरकारी समारंभात ते न काढण्याची मोकळीक दिली. देशी जोडा मात्र काढायचाच. खानदेशाच्या शेजारी, तापीच्याच मुखाशी असलेल्या सुरतेत १८६२ साली माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाने न्यायालयात जोडे काढण्यास नकार दिला आणि तो वाद मुंबई इलाख्यात गाजला. बूट ही प्रतिष्ठेची खूण ठरली ती या काळात. पायाला सोसतो का, यापेक्षा चार लोकांत शोभतो का, असा विचार सुरू झाला.

१८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेश जगाच्या बाजाराला जोडला गेला. रेल्वेने कापूस बाहेर नेला तशी कच्ची कातडीही मोठ्या शहरांकडे जाऊ लागली. मुंबई, कानपूर, मद्रासच्या या व्यापारात मुसलमान व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. गावचे कातडे बाहेर गेले आणि तयार बूट गावात आला.

त्या बुटाचे मोठे नाव म्हणजे बाटा. झ्लीन गावच्या टोमास बाटाने १९२२ च्या मंदीत आपल्या जोड्यांच्या किमती एकदम निम्म्यावर आणल्या होत्या. ही कंपनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याजवळ कोन्नगरला आली आणि १९३४ मध्ये बाटानगरची पायाभरणी झाली. त्याच सुमारास जपानी रबरी तळाच्या कापडी बुटांचे ढीगही बाजारात पडत होते. छापील किंमत, ठरलेले माप आणि घासाघीस नाही, ही पद्धत लोकांना नवी होती. दुकानदार जात विचारत नव्हता आणि पैसे टाकणाऱ्याला जोडा देत होता, ही गोष्टही लहान नव्हती.

दुसरा ओघ आला आग्र्याहून. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो आणि शहराच्या मुख्य बाजारपेठेलाच ‘आग्रा रोड’ म्हणतात. आग्र्यात जोडे शिवणारे हात मुख्यतः जाटव समाजाचे. फाळणीपूर्वी त्या व्यापारात मुसलमानांचे स्थान मोठे होते. १९४७ नंतर त्यांतले अनेक जण पाकिस्तानात गेले आणि त्यांची जागा निर्वासित पंजाबी व्यापाऱ्यांनी घेतली. खानदेशातही सिंधी निर्वासित आले, जळगावात सिंधी कॉलनी वसली आणि किरकोळ व्यापाराचे रूप बदलले. फाळणीने माणसे हलवली, तशी जोड्याची बाजारपेठही हलवली.

शेतमजुराला मात्र बूट बराच काळ दूरचाच होता. त्याने टायर कापून केलेली चप्पल वापरली आणि पुढे रबरी हवाई चप्पल. टायरची चप्पल दिसायला ओबडधोबड, पण काटा तिच्यातून सहसा आत येत नसे.

गेल्या काही वर्षांत या कहाणीने विचित्र वळण घेतले आहे. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा १९९५ साली मंजूर झालेला कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाला. बैलाच्या कातड्याचा पुरवठा घटला. त्याच दशकात बकऱ्यांच्या कातड्याचे भावही कोसळले. बकरी ईदला कुर्बानीची चामडी मदरशाला देण्याची आपली जुनी प्रथा. गरीब मुलांच्या जेवणाखर्चाला त्या पैशांचा हातभार लागे. पुढे अनेक ठिकाणी चामडी फुकट घ्यायलाही माणूस मिळेनासा झाला. इकडे कातडे मातीमोल आणि तिकडे दुकानात अस्सल चामड्याचा जोडा मजुराच्या आवाक्याबाहेर! मधला कमावणारा आणि शिवणारा कारागीर मोडला, की असे होते. चर्मकारांसाठी राज्याने १९७४ मध्ये महामंडळ स्थापन केले. तरीही रस्त्याच्या कडेला आरी-रापी घेऊन बसणाऱ्याची मुले त्या धंद्यात यायला तयार नाहीत. त्यांनी का यावे, हाही प्रश्न आहेच.

आज धुळ्याच्या पाचकंदील भागात किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये ईदच्या आधी गेलो तर रेक्झिनचे, चिकटवलेल्या तळाचे जोडे स्वस्तात मिळतात. हिशेब मांडून पाहू. समजा, तीनशे रुपयांचा असा जोडा चार महिने टिकतो. तीन वर्षांत नऊ जोडे, म्हणजे सत्तावीसशे रुपये. बाराशेचा शिवलेला जोडा मधे दोनदा अडीचशे देऊन तळ बदलून घेतला आणि तीन वर्षे वापरला, तर सतराशे होतात. गरीब माणूस हजार रुपये जास्त भरतो आणि पायही सोलून घेतो. त्याला हिशेब कळत नाही असे नाही. बाराशे रुपये एकदम हातात नसतात. बलुत्यात किंमत वर्षभर पसरलेली होती आणि दुरुस्ती तिच्यात धरलेली होती. रोखीच्या बाजाराने ही दोन्ही सुखे काढून घेतली.

सरकारी करानेही हेलकावे खाल्ले. जानेवारी २०२२ मध्ये हजाराच्या आतल्या जोड्यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवरून बारावर गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यांवर तो पुन्हा पाच टक्के झाला.

मापाचीही गोष्ट आहे. दुकानातला सात-आठ नंबर हे इंग्रजी माप आहे आणि त्यातला एकेक नंबर जवाच्या दाण्याच्या लांबीचा, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. हे माप लांबी मोजते, रुंदी नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचे आढळले. म्हणजे इतकी वर्षे चावणारा जोडा आपल्या पायाचा दोष नव्हता. लोक पंजाला दाटतो म्हणून एक नंबर मोठा घेतात आणि मग टाच सुटते.

म्हणून जोडा घ्यायला संध्याकाळी जावे, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही पायांत घालून दुकानात चालून पाहावे. पुढे अंगठाभर जागा हवी आणि पंजाला दाब नको. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे पाहावे. आणि हा उद्या दुरुस्त होईल का, हे दुकानदाराला नाही, कोपऱ्यावरच्या चांभाराला विचारावे. हजरत पैगंबर (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनात आले आहे. सांधलेला जोडा घालण्यात कमीपणा मानायचे आपल्याला कारण नाही.

बलुत्याचे दिवस परत येऊ नयेत. पण मोहल्ल्या-मोहल्ल्यात भांड्यांसाठी भिशी चालते, तशी मजुरांच्या जोड्यांसाठी का चालू नये? आणि ज्याच्या हातात अजून आरी आहे, त्याला त्याच्या टाक्यांचे दाम घासाघीस न करता द्यायला काय हरकत आहे? पूर्वी एका जोड्यात मुलाण्याचा आणि चांभाराचा हात होता. आज दोघांचाही धंदा बसला आहे आणि दोघांचीही मुले तोच तीनशेचा जोडा घालून एकाच बसने कामाला जातात.