तळटीप : बेंदराचे बैल

१४. बेंदराचे बैल : सातारा-सांगलीकडे पोळा नाही, बेंदूर. पोळा पिठोरी अमावास्येचा, तर बेंदूर आषाढातल्या शुद्ध पक्षाच्या अखेरीस. सीमेलगतच्या काही गावांत त्याआधीच, ज्येष्ठी पौर्णिमेला, ‘कर्नाटकी बेंदूर’ होऊन जातो. दावणीला बैल नसलेल्या घरातही त्या दिवशी मातीची जोडी पुजतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पूर्वी कुंभाराने जोडी घरपोच द्यायची आणि सुगीत बलुते घ्यायचे; आता बाजारात रोखीचा व्यवहार.

हे बैल भरीव आणि बहुधा कच्चेच असतात. चार आखूड खांबांसारखे पाय, चिमटीने वर ओढलेले वशिंड, आणि तोंड म्हणाल तर जेमतेम. सिरॅमिक कलावंताला हा आकार भुरळ घालतो, पण तो जसाच्या तसा भाजता येत नाही. जाड मातीच्या पोटात ओल राहिली की तिची वाफ होते आणि बैल भट्टीतच फुटतो. म्हणून तो आतून पोकळ करायचा, वाफेला बारीक भोक ठेवायचे, सावकाश वाळवायचा. स्टोनवेअरची भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. गावच्या आव्याची धग त्याहून बरीच कमी.

शिंगांबद्दल एक खुलासा. माण, आटपाडी, जत हा लांब शिंगांच्या खिलारचा मुलूख, तरी मातीच्या बैलाची शिंगे आखूडच. काही अभ्यासक यात प्रतीक शोधतात. आम्हांला कारण साधे वाटते : लांब शिंग बाजारात पोचेपर्यंत मोडते.

— संपादक