डोंगरातले घर आणि गाण्यातला इतिहास : डॉली पार्टन यांचा १९७३ चा अल्बम #थ्रेड

१/ ज्यांनी दप्तरे लिहिली नाहीत, त्यांचा इतिहास कोठे शोधावा? अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागापुरते एक उत्तर ‘माय टेनेसी माउंटन होम’ या अल्बममध्ये सापडते. त्यातील सर्व ११ रचना डॉली पार्टन यांच्याच.

२/ त्यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी टेनेसीतील सेव्हियर काउंटीत झाला. १२ भावंडांत त्या चौथ्या. वडील वाट्याने जमीन कसत. ब्रिटनमधून आलेल्या वसाहतकऱ्यांची जुनी कथागीते आईच्या तोंडी होती.

३/ १९६४ मध्ये शालान्त शिक्षण संपताच दुसऱ्या दिवशी त्यांनी नॅशव्हिलची वाट धरली. अल्बमचा आरंभ गाण्याने होत नाही; तेथून आईवडिलांना धाडलेले पत्र त्या वाचून दाखवतात. वडिलांना अक्षरओळख नव्हती, हे ध्यानात घेतले की या वाचनाचे मोल कळते.

४/ पुढे येतात त्या घरातल्या वस्तू : चुलीवरचे काळे भांडे, वडिलांचे कामावरचे बूट. एक गाणे डॉ. रॉबर्ट थॉमस या मिशनरी डॉक्टरांवर आहे. डॉलींच्या जन्माच्या वेळी हेच डॉक्टर आले होते आणि त्यांची फी म्हणून घरच्यांनी मक्याच्या पिठाचे पोते दिले. रोख पैसा किती दुर्मीळ होता, हे या एका तपशिलातून उमगते.

५/ अल्बमचा गाभा मात्र लागोपाठच्या दोन गाण्यांत आहे. ‘इन द गुड ओल्ड डेज’ (प्रथम १९६८) सांगते : आठवणी अमोल, पण ते दिवस पुन्हा जगणे नको. लगेच येणारे शीर्षकगीत त्याच घराचे प्रसन्न चित्र रेखाटते.

६/ केवळ दुसरे गाणे ऐकले तर दारिद्र्य रम्य वाटेल. केवळ पहिले ऐकले तर त्या माणसांचा आनंद दिसणार नाही. दोन्हींना शेजारी स्थान देणे, हा या अल्बमचा प्रामाणिकपणा. मुखपृष्ठावरही सजवलेला देखावा नाही. पार्टन कुटुंब राहत होते तेच घर आहे.

७/ त्याच वर्षी आलेल्या ‘जोलीन’ या गाण्याच्या कीर्तीपुढे हा अल्बम काहीसा झाकोळला. वडिलांच्या निरक्षरतेची आठवण मात्र मागे पडली नाही. तिच्याच प्रेरणेने १९९५ मध्ये डॉलींनी सेव्हियर काउंटीतील बालकांना विनामूल्य पुस्तके घरपोच देण्यास आरंभ केला. ही योजना पुढे इतर देशांतही पोहोचली.