इंधनावरोध (आऊटबोर्ड यंत्रातील)

होडीच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून आवळून बसविलेल्या पेट्रोल यंत्रास, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत कोठे तरी अडथळा आल्यामुळे, पुरेसे इंधन न मिळणे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ च्या सुमारास हे यंत्र बाजारात रूढ केले. आपल्याकडील आपत्ती निवारणाच्या दप्तरांत त्याची नोंद ‘ओबीएम’ (आऊटबोर्ड मोटर) अशी होते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा व भातसा यांचे विस्तीर्ण जलाशय आहेत, आणि शहापुरातून येणारी भातसा काय किंवा मुरबाडातून वाहणारी काळू काय, दोन्ही नद्यांचे पाणी अखेर उल्हासेतच जाते. २७ जुलै २०१९ रोजी या उल्हासेच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांच्या सुटकेसाठी रबरी बोटी आणाव्या लागल्या. असे प्रसंग वर्षातून क्वचित. अशा बोटींचे यंत्र मात्र बारमाही गोदामात उभे असते, आणि पुरात उघडकीस येणाऱ्या बिघाडाचे बीज बहुधा या रिकामपणाच्या दिवसांतच पडलेले असते.

मुख्य लक्षण असे, की यंत्र चालू होते, मंद गतीत निमूट चालते, परंतु थ्रॉटल पूर्ण देताच गुदमरते व वेग टाकते. कारण मंद गतीस लागणारे थोडेसे पेट्रोल अरुंद झालेल्या वाटेनेही पोहोचते. अशा वेळी हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी टाकीच्या नळीवरील रबरी हातपंप, ज्यास सर्रास ‘बल्ब’ म्हणतात, त्याची साक्ष काढावी. बल्ब दाबताच यंत्र उचल खात असेल, तर यंत्रावरील पंपाचा पडदा दुबळा झाला आहे किंवा टाकीकडील बाजूस अडथळा आहे, असे समजावे. बल्ब आपोआप चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा निश्चितच टाकीकडे आहे. आणि तेथे पहिला आरोपी म्हणजे टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू. टेंपोतून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि पाण्यावर उतरल्यावर सैल करण्याचे विसरतात. मग बाहेरची हवा आत न शिरल्याने टाकीत निर्वात होतो आणि भल्या चांगल्या यंत्रावर नाहक ठपका येतो. याउलट, बल्ब दगडासारखा कडक असूनही यंत्र उपाशी राहत असेल, तर दोष पुढे, म्हणजे फिल्टरात, अडकलेल्या फ्लोटच्या सुईत किंवा जेटमध्ये शोधावा. बल्ब कितीही दाबला तरी कडक होतच नसेल, तर बहुधा सांध्यातून हवा शिरते आहे किंवा बल्बातील झडप गेली आहे. हा अवरोध नव्हे, पण लक्षणे फसवी असतात. बल्बावरील बाण यंत्राकडे आहे ना, हेही पाहून घ्यावे.

दुसरी स्वच्छ टाकी व दुसरी नळी जोडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा निवाडा होय. त्याने यंत्र सुधारले, तर अर्धा तपास तेथेच संपतो. जुन्या नळीचे आतले अस्तर सुटून जोराच्या ओढीबरोबर झडपेसारखे मिटते, आणि बाहेरून नळी मात्र नवीकोरी दिसते.

अलीकडे पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले, की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, नेमका जेथून नळी पेट्रोल ओढते तेथे, बसतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने ठेवणे म्हणूनच घातक. कार्बोरेटरात राहिलेले पेट्रोल उडून जाऊन त्याचा चिकट राप जेटच्या सूक्ष्म छिद्रांत धरतो. तो द्रावकाने व हवेच्या झोताने काढावा, तार खुपसू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

तेल पेट्रोलातच मिसळून देण्याच्या टू-स्ट्रोक यंत्रात इंधनावरोधाची उपेक्षा विशेष महाग पडते. तेथे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि तशा स्थितीत जबरदस्तीने पूर्ण वेगात दामटल्यास पिस्टन तापून जाम होतो.

यंत्र गोदामात ठेवण्यापूर्वी त्याचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून, पेट्रोलची नळी काढून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असून होडीच्या तळाशी साठते, म्हणून हे काम उघड्यावर आणि विडी-काडी दूर ठेवूनच करावे. उरलेले वा पाणी मिसळलेले पेट्रोल जलाशयात ओतू नये. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईस पिण्यासाठी जाते, आणि भातशाचेही जाते.