एका भेटपुस्तकाचा इतिहास

मुले पास झाली की आपण विहारात त्यांचा सत्कार करतो. हार घालतो, पेन देतो. पण पुस्तक किती जणांना दिले? उत्तर देताना आमचीही मान खाली जाते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लहानपणची आठवण सांगितली आहे. भीमराव इंग्रजी चौथी पास झाले. समाजाच्या लोकांना सत्काराची सभा घ्यायची होती. सुभेदार रामजी तयार होईनात. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटले. लोक दादा केळुसकरांकडे गेले. त्यांनी रामजींची समजूत घातली. सभा झाली आणि दादांनी स्वतः लिहिलेले, १८९८ साली निघालेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले.

ते काही खास मुलांसाठीचे पुस्तक नव्हते. तरी भीमरावांनी मन लावून वाचले. मग एक दिवस वडिलांनाच विचारले, रामायण-महाभारत वाचायचा आग्रह कशासाठी? वडिलांना ते रुचले नाही, त्यांनी दटावले. पण प्रश्न मिटला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याचे उत्तर सगळ्या जगाने पाहिले.

आज आपल्या माणच्या शिवारात आयटी पार्क आले, पोरांच्या हातात मोबाइल आले. यंदापासून पास होणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला एक चरित्र देऊ या: बुद्धांचे, जोतिबांचे, सावित्रीमाईंचे, बाबासाहेबांचे. आणि वाचून पोराने उलट प्रश्न केला, तर त्याला गप्प बसवू नका.

जयभीम!