अंड्यांतून उतरणारा वारसा

आईकडून अपत्यास केवळ रूपरंगच मिळतो असें नाहीं. कांहीं कीटकांत एक जिवंत जंतुहि अंड्यांतून मिळतो, आणि वंश चालावा कीं खुंटावा हें तोच ठरवितो.

१९२४ सालीं अमेरिकेंत हर्टिग व वोल्बाक यांना क्युलेक्स डासाच्या अंडाशयांत हे सूक्ष्म जंतु आढळले. १९३६ मध्यें हर्टिग यांनीं त्यांस 'वोल्बाकिया' हें नांव दिलें. परंतु त्यांचें कार्य उमगलें नव्हतें.

पुढें १९५० नंतर लाव्हेन या जर्मन शास्त्रज्ञानें निरनिराळ्या प्रदेशांतील क्युलेक्स डासांचा संकर केला. कित्येक जोड्यांच्या अंड्यांतून अळ्या निघेनात. नर-मादीची अदलाबदल करतांच मात्र कधीं कधीं भरपूर प्रजा होई. याचें मूळ मातेकडून येणाऱ्या पेशीद्रवांत आहे, असा निष्कर्ष त्यानें काढला. १९६७ मध्यें ब्रह्मदेशांतील ओक्पो गांवीं असे परके नर सोडून त्यानें तेथील क्युलेक्स डासांची पैदास थोपविली.

अखेर १९७१ मध्यें येन व बार यांनीं हें कोडें उलगडलें. जंतुधारी नराशीं जंतुहीन मादीचा संयोग झाल्यास अंडीं मरतात. जंतुधारी मादीचीं मात्र तरतात. म्हणूनच हा जंतु पिढ्यान्‌पिढ्या फैलावतो.

याच गुणाचा मानवानें उपयोग केला. फळमाशीच्या अंगचा वोल्बाकिया डेंग्यूवाहक डासांत घातला असतां त्यांच्या शरीरांत डेंग्यूचा विषाणु नीट वाढत नाहीं. इंडोनेशियांतील योग्यकर्ता शहरांत असे डास सोडल्यावर त्या विभागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनीं घटले, असें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. स्वतःचा वंश वाढविण्यास झटणारा जंतु अशा रीतीनें मनुष्याचा रक्षक ठरला.